गुण आला, पण कशाच्या तुलनेत? – अ‍ॅक्युपंक्चर समजून घेऊ या



मागच्या पालकसभेनंतर एक आई वर्गात मागे थांबल्या. सगळे गेल्यावर त्यांनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. त्यावर छापलं होतं : "चिनी सुई उपचार. गुडघे, कंबर, डोकेदुखी, शुगर, थायरॉईड, वंध्यत्व. खात्रीशीर गुण." त्यांच्या धाकट्या जावेच्या लग्नाला सहा वर्षं झाली, घरात अजून पाळणा हलला नाही. कोणीतरी हा कागद दिला होता. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. हे खरं असते का? पैसे जमवायचे का आम्ही यासाठी?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. "पाहून सांगते," एवढंच म्हणाले. नंतर बसून वाचलं, टिपणं काढली. आपल्या चिखलीतच काय, कुठल्याही गावात हा प्रश्न एका घरापुरता नसतो, म्हणून ती टिपणं लेख करून इथे देत आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. त्यामुळे 'सुया टोचून घ्या' किंवा 'घेऊ नका' असं सांगण्यापेक्षा, अशा दाव्यांना कोणता प्रश्न विचारायचा ते सांगणं हे माझं काम.

१) अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे नेमकं काय?

केसासारख्या बारीक, भरीव सुया शरीराच्या ठरावीक बिंदूंवर टोचायच्या, वीस-तीस मिनिटं तशाच ठेवायच्या आणि काढून घ्यायच्या, ही झाली साधी ओळख. इंजेक्शनच्या सुईसारखी ही सुई पोकळ नसते आणि तिच्यातून कुठलंही औषध आत जात नाही. या पद्धतीचा सर्वांत जुना मोठा ग्रंथ 'हुआंगदी नेइजिंग' सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

पारंपरिक चिनी समजुतीप्रमाणे शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती वाहते. तिचे बारा मुख्य मार्ग आणि शरीराच्या मध्यरेषेवरचे दोन असे चौदा मार्ग धरतात. त्यांवर ३६१ प्रमाण बिंदू मानले आहेत. वाट अडली की दुखणं येतं आणि सुई वाट मोकळी करते, अशी ती कल्पना. आपल्याकडे 'वात अडला' म्हणतात, त्याच धाटणीचं हे वर्णन. मात्र शरीर उघडून पाहिलं तर रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू जसा दिसतो, तसे हे मार्ग दिसत नाहीत. तो त्या काळातला शरीर समजून घेण्याचा नकाशा होता.

मला यातलं मोजमाप फार आवडलं. बिंदू शोधायचं एकक आहे 'त्सुन', म्हणजे ज्याच्यावर उपचार करायचे त्याच्याच अंगठ्याची रुंदी. आपली आजी 'चार बोटं पाणी' म्हणायची, पूर्वी लोक कापड वीत-हाताने मोजायचे, तसंच. उदाहरणार्थ, मळमळीसाठीचा प्रसिद्ध बिंदू मनगटाच्या आतल्या घडीपासून दोन त्सुन वर, दोन शिरांच्या मधे असतो. साधारण तीन बोटांचं अंतर. लहान मुलाचं माप लहान, मोठ्याचं मोठं.

सुईबरोबर शेक देण्याचीही पद्धत आहे. त्यासाठी जी वनस्पती वाळवून जाळतात ती आपल्या दवण्याच्या कुळातली. दवण्याची गोष्ट पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

२) या कथेत सोलापूर आणि नागपूरही आहे

चीनवर जपानने आक्रमण केलं तेव्हा, १९३८ मध्ये, काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं. पथकप्रमुख होते डॉ. अटल. सोबत नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. बासू व डॉ. मुखर्जी. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस परत आलेच नाहीत. आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्या परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. मुलाचं नाव ठेवलं होतं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. शांतारामबापूंचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा १९४६ चा चित्रपट जुन्या मंडळींना आठवत असेल.

इथे एक गल्लत होते. 'कोटणीसांनी भारतात अ‍ॅक्युपंक्चर आणलं' असं कधीकधी सांगितलं जातं. ते तसं नाही. कोटणीस शल्यचिकित्सक होते. अ‍ॅक्युपंक्चर आणलं ते त्यांचे सोबती डॉ. बिजॉय कुमार बासू यांनी. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात परत येऊन त्यांनी ती सुरू केली. पुढे कोटणीसांच्या नावाने संस्था निघाल्या. लुधियानात तर त्यांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय आहे. त्यातून ही समजूत पसरली असावी.

आपल्या राज्यात आज या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे. म्हणजे ही पद्धत सरकारमान्य आहे. पण सरकारमान्य म्हणजे कोण करू शकतो ते ठरलं. कागदावर छापलेल्या प्रत्येक आजारावर तिचा गुण येतो, हे कायदा सांगत नाही. या दोन गोष्टी आपण नेहमी एकच समजतो.

३) "मला गुण आला" पुरेसं का नाही?

समजा शेजारच्या काकूंची कंबर दुखत होती. दहा वेळा सुया टोचून घेतल्या, दुखणं कमी झालं. काकू खोटं बोलत नाहीत. पण गुण कशाने आला? चार शक्यता आहेत :

* सुईनेच आला.
* कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप कमी होते, तशी झाली. आपण दवाखान्यात जातो ते दुखणं ऐन भरात असतानाच, म्हणून त्यानंतर ते उतरणारच.
* कोणीतरी अर्धा तास शांतपणे लक्ष दिलं, हात लावला, 'बरं होईल' म्हटलं. त्याचाही शरीरावर परिणाम होतो. याला प्लासिबो परिणाम म्हणतात.
* त्याच काळात काकूंनी वजन उचलणं थांबवलं होतं.

मग वेगळं कसं करायचं? एकच प्रश्न विचारायचा : कशाच्या तुलनेत? संशोधक लोकांचे गट चिठ्ठ्या टाकून करतात. एका गटाला खऱ्या बिंदूंवर सुया. दुसऱ्याला खोट्या सुया, म्हणजे बिंदू सोडून वरवर टोचलेल्या, किंवा नाटकातल्या चाकूसारख्या, टोचल्यासारख्या वाटणाऱ्या पण आत दांडीत सरकणाऱ्या. तिसऱ्याला नेहमीचे उपचार. आपल्याला खऱ्या सुया मिळाल्या की खोट्या, हे रुग्णाला सांगत नाहीत.

जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर अशी चाचणी झाली, ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी लक्षणीय आराम पडलेले रुग्ण असे :

* खऱ्या सुया : ४७.६ टक्के
* खोट्या सुया : ४४.२ टक्के
* औषधं, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार : २७.४ टक्के

हे आकडे दोनदा वाचा. सुयांचा उपचार घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम पडला. पण सुई बिंदूवर टोचली की बिंदू सोडून, याने जवळजवळ फरकच पडला नाही! म्हणजे काकूंचा आराम खरा आहे, त्याचं कारण मात्र त्या समजतात तेच असेल असं नाही.

४) रोजच्या तक्रारींचं काय?

आपण शिक्षक दिवसभर उभे असतो, मान वाकवून वह्या तपासतो. म्हणून हा भाग आपल्याही कामाचा.

*जुनी दुखणी* (कंबर, मान, गुडघा, डोकेदुखी) : २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या सुमारे २० हजार रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा थोड्या सरस ठरल्या, आणि काहीच न करण्यापेक्षा बऱ्याच सरस. म्हणजे उपयोग आहे, पण त्यातला मोठा वाटा सुईबाहेरच्या गोष्टींचा आहे.

*अर्धशिशी* : ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात वारंवार येणाऱ्या डोकेदुखीसाठी, औषधांनी भागत नसेल तर, सुयांच्या काही बैठकांचा विचार करायला सांगितलं आहे. कंबरदुखीसाठी मात्र त्याच संस्थेने २०१६ मध्ये 'देऊ नका' म्हटलं.

*मळमळ* : मघाच्या मनगटावरच्या बिंदूचा शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर उपयोग होतो, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. तिथे नुसता दाब देऊनही काम होतं.

*शुगर, बीपी, थायरॉईड* : सुया सुरू केल्या म्हणून यांच्या गोळ्या बंद करणं धोक्याचं आहे. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडून सरळ उठून घरी या.

दुखण्यावर सुई काम कशी करते? पायाला ठेच लागली की आपण ती जागा चोळतो आणि बरं वाटतं. चोळण्याची संवेदना दुखण्याच्या संवेदनेची वाट काही प्रमाणात अडवते. सुईचाही काही परिणाम असाच होत असावा. शिवाय टोचल्यावर मेंदूत एन्डॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्यं तयार होतात. हे समजायला 'ची' मानायलाच हवी असं नाही.

५) आता मूळ प्रश्न : सुयांनी मूल होतं का?

जर्मनीतच २००२ मध्ये आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, उपचार घेणाऱ्या १६० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुया घेतलेल्यांपैकी ४२.५ टक्के गरोदर राहिल्या, न घेतलेल्यांपैकी २६.३ टक्के. बातमी जगभर पसरली. आजही जाहिरातींमागे अशाच आकड्यांचा आधार असतो. पण आपला प्रश्न आठवा. इथे तुलना खोट्या सुयांशी नव्हतीच, आणि गटही लहान होते.

मग मोठ्या चाचण्या झाल्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आयव्हीएफ घेणाऱ्या ८४८ स्त्रियांवरची चाचणी २०१८ मध्ये आली. मूल जन्माला आलं ते खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के स्त्रियांना, खोट्या सुयांच्या गटात १७.८ टक्के. म्हणजे फरक नाही.

दुसरी चाचणी तर खुद्द चीनमधली, २०१७ ची. पाळी अनियमित करणारा पीसीओएस (आपण पीसीओडी म्हणतो) असलेल्या १००० स्त्रिया. आठवड्यातून दोनदा सुया. सोबत काहींना बीजनिर्मितीची क्लोमिफीन गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. मूल झालेल्या स्त्रिया अशा :

* खऱ्या सुया + खरी गोळी : २९.४ टक्के
* खोट्या सुया + खरी गोळी : २८ टक्के
* खऱ्या सुया + खोटी गोळी : १३.९ टक्के
* खोट्या सुया + खोटी गोळी : १६.८ टक्के

फरक पाडला तो गोळीने. सुया खऱ्या की खोट्या, याने नाही.

मग 'सुयांनी गोड बातमी आली' असं सांगणारी माणसं कुठून येतात? बाईचं वय चाळिशीच्या आत असेल तर दर शंभर जोडप्यांतल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांना प्रयत्नाच्या पहिल्या वर्षात दिवस राहतात. उरलेल्यांपैकीही जवळपास निम्म्यांना दुसऱ्या वर्षात, काहीही विशेष न करता. त्या दुसऱ्या वर्षात जे काही चालू असेल, सुई, काढा, अंगारा, गंडा, त्याला श्रेय मिळतं. ज्यांना गुण येत नाही, ते गावभर सांगत फिरत नाहीत.

याच सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एक गोष्ट : जोडव्यांमुळे बोटाची नस दाबली जाते आणि ती थेट गर्भाशयाला जाते. पायाच्या बोटातून थेट गर्भाशयाला जाणारी अशी नस शरीरात नाही. जोडवी आवडीने घाला, ती आपली रीत आहे. पण मूल नसलेल्या बाईच्या पायाकडे पाहून 'म्हणूनच तर' असं कोणी म्हणत असेल, तर तिथे आपण बोललं पाहिजे.

६) सुईच्या आधी काय करायचं?

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करायची. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबायचं. आणि तपासणी दोघांची, एकाच वेळी. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, एकटं किंवा सोबतीनं. पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त : वीर्य तपासणी. ना सुई, ना भूल. तरी आपल्याकडे बाईची सोनोग्राफी तीनदा होते, नवस होतात, उपास होतात, आणि ही एक तपासणी राहून जाते.

बाईच्या बाबतीत बीज तयार होतं का, थायरॉईड ठीक आहे का, गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे पाहावं लागतं. आपल्या देशात जननमार्गाच्या क्षयामुळेही नलिका बंद होतात. बंद नलिका सुईने उघडत नाही, आणि क्षय तर औषधांनीच बरा होतो. म्हणून 'आधी सुया करून पाहू, मग डॉक्टर' या क्रमात पैशापेक्षा मोठी गोष्ट जाते, ती म्हणजे वेळ. तिशीनंतरची दोन-तीन वर्षं परत मिळत नाहीत.

तपासण्या झाल्या, उपचार सुरू आहेत आणि मनाला शांत वाटतं म्हणून कोणी सोबत सुया घेत असेल, तर डॉक्टरांना सांगून घ्याव्यात. मात्र आधी हे विचारावं :

* परिषदेकडे नोंदणी आहे का? नोंदणी क्रमांक काय?
* सुया पाकीटबंद, एकदाच वापरायच्या आहेत का? पाकीट समोर फोडायला सांगा. वापरलेल्या सुईतून काविळीचा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो.
* किती बैठका, एकूण खर्च किती, आणि गुण आला नाही तर थांबायचं कधी? थांबायची वेळ आधीच ठरवा.
* रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस राहिले असतील, तर ते आधी सांगा. छातीवर खोल टोचल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. ती क्वचित होते, पण होते.
* 'खात्रीशीर' हा शब्द कोणी वापरला, तर तिथेच सावध व्हा.

७) परंपरा टाकून द्यायची का?

नाही. आता दवणा आठवा. चीनमध्ये चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथात दवण्याच्याच कुळातली एक वनस्पती तापावर सांगितली होती. शास्त्रज्ञ तू यूयू यांनी १९७० च्या दशकात तो उल्लेख वाचला, वनस्पती तपासली. आधी नीट गुण येईना. मग ग्रंथात ती नुसती पाण्यात भिजवायला सांगितली आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी उष्णता टाळून अर्क काढला. त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं, लाखो जीव वाचले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जुन्या ग्रंथाने वाट दाखवली, चाचणीने उत्तर दिलं. त्याच चीनमध्ये सुयांचीही चाचणी झाली आणि त्या पीसीओएसच्या बाबतीत उत्तर 'नाही' आलं. दोन्ही उत्तरं सारख्याच मोकळ्या मनाने घेणं, याला वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणायचं.

८) वर्गात घेण्यासारखे उपक्रम (पाचवी ते आठवी)

१. *माझं माप* : प्रत्येकाने आपल्या अंगठ्याची रुंदी पट्टीने मोजावी. मग मनगट ते कोपर हे अंतर किती अंगठे भरतं ते पाहावं. उंची वेगळी असली तरी उत्तरं जवळपास का येतात, यावर चर्चा.

२. *खास पाणी* : एकाच माठातलं पाणी दोन बाटल्यांत भरा. एकीवर 'खास' अशी चिठ्ठी लावा. कोणतं गोड लागलं ते मुलांना लिहायला सांगा. नंतर गुपित फोडा. कोणाला हसू नका. जीभ खोटं बोलत नाही, अपेक्षा तिच्या आधी बोलते एवढंच.

३. *जाहिरात वाचू या* : घरून एक आरोग्याची जाहिरात आणायची आणि तिच्यापुढे एकच प्रश्न लिहायचा, "कशाच्या तुलनेत?"

शेवटी

त्या आई पुन्हा भेटल्या तेव्हा मी एवढंच सांगितलं : आधी दोघांची तपासणी, दोघांनी सोबत जाऊन. सुयांचे पैसे तोवर राखून ठेवा. त्यांनी ऐकून घेतलं, कागदाची घडी परत पर्समध्ये घातली आणि हळूच म्हणाल्या, "जावेला मी नेईन हो मॅडम. पण भाऊजींना सांगायचं कोणी?"

याचं उत्तर मला कुठल्याच चाचणीत सापडलं नाही. म्हणून एक विनंती. आपल्या पालकांच्या गटात हा लेख पाठवाल, तेव्हा तो आयांच्या गटातच थांबू देऊ नका. वडिलांच्या, काकांच्या, भाऊजींच्या मोबाइलवरही जाऊ द्या. शिक्षक बंधूंनी तर तो पुरुषांपर्यंत स्वतः पोचवावा. काही गोष्टी पुरुषाने पुरुषाला सांगितल्या की लवकर पोचतात.